पाण्यावरचं उघडं दार

बिली आयलिश या अमेरिकी गायिकेच्या ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर काठोकाठ पाणी आहे, काळपट निळं. अगदी वर, पृष्ठभागाशी, एक पांढरं दार. दार उघडं. आणि त्याच्या खाली ती मुलगी, पाठ खोल पाण्याकडे, हातपाय सैल सुटलेले, खाली खाली चाललेली. चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नाही. पोहायची धडपड नाही. हात वर आहेत खरे, पण दार गाठायला वर केलेले नाहीत. अंग खाली जातंय, हात मागे राहिलेत एवढंच.

विल्यम ड्रम यांनी काढलेला हा फोटो. त्यासाठी बिली खरोखरच पाण्याच्या टाकीत उतरली होती, अंगावर वजन घेऊन, कित्येक तास. हे वाचलं तेव्हा मला त्या चेहऱ्यावरचा थकवा समजला. तो मेकअपचा नाही.

अल्बम आला १७ मे २०२४ ला. त्या आठवड्यात आमच्याकडे उजनी धरणाचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. सोलापूरकराला हे ‘उणे’ समजावून सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगावं लागतं. धरणात एकूण ११७ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं, त्यातलं ६३च्या आसपास मृत साठ्यात धरतात. वरचं, म्हणजे उपयुक्त, संपलं की मृत साठ्यातून उपसा सुरू होतो आणि पेपरातला आकडा शून्याच्या खाली उतरायला लागतो. उणे दहा, उणे तीस, उणे पन्नास. मे महिन्यात आम्ही तो आकडा रोज सकाळी वाचतो. भीमेतून शहरासाठी औजच्या बंधाऱ्यात पाणी कधी सोडणार, किती दिवस पुरणार, याच्या बातम्या लोक पाठ करतात.

अशा दिवसांत पाण्यात बुडणाऱ्या मुलीचं चित्र फोनवर आलं. भाची पुण्यात शिकते, तिनं पाठवलं. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, मधूनमधून ऐकू नको. पहिल्यापासून लाव आणि शेवटापर्यंत हलू नको.’

तिचं बरोबर होतं. या अल्बममधलं एकही गाणं आधी सुटं प्रसिद्ध केलेलं नव्हतं. बाईनं ठरवूनच तसं केलं. दहा गाणी एकदम, एका बैठकीत लोकांपुढे ठेवायची. आज गाण्याचे पंधरा सेकंदांचे तुकडे आधी फिरतात आणि गाणं मागाहून येतं, त्या काळात बावीस वर्षांच्या मुलीनं हा हट्ट धरला. मला त्याचं फार कौतुक आहे. पाऊण तासाला किंचित कमी असा हा अल्बम आहे आणि त्याचं सगळं बळ त्या सलगपणात आहे. एक गाणं काढून ऐकलं तर चांगलं गाणं मिळतं. दहाही ऐकली तर एक जागा मिळते, जिथं आपण काही वेळ राहून येतो.

मी तो ऐकला नळाच्या वेळी. आमच्या पूर्व भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि वेळ कधी रात्री दीडची, कधी पहाटेची. पाणी सुटलं की आधी प्यायचं भरायचं, कळशी, घागर, मग पिंपं, मग बादल्या, शेवटी पाइप हौदात सोडायचा आणि त्याच्याकडे लक्ष ठेवत पायरीवर बसायचं. एक वेळचं पाणी भरून होईतो अल्बम पुरतो. कानात ते निळं, खोल पाणी आणि समोर पिंपाच्या कडेला चढत जाणारी पाण्याची रेघ. लॉस एंजेलिसमध्ये, जिथं हा अल्बम झाला, तिथल्या ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल असं मला आधी वाटायचं. पण ते शहरही मूळचं कोरड्या मुलखातलं. १९१३ पासून तिथलं पाणी शेकडो किलोमीटरवरच्या डोंगरांकडून कालव्यानं येतं. आमचं शंभरएक किलोमीटरवरच्या उजनीहून येतं. दोन्हीकडे पाणी म्हणजे दुरून आणलेली गोष्ट.

या अल्बमबद्दल बोलताना सगळे पाण्याबद्दल बोलतात. निळा रंग, बुडणं, खोली. ते आहेच. पण मी जितकं ऐकत गेले तितकं माझं मन दारावर ठरत गेलं. या दहा गाण्यांचा भाव दारामुळे आहे. दार उघडं आहे, दिसतंय, आणि तरीही ती त्यातून जात नाही. आत जावं की बाहेर यावं, कुणाला आत घ्यावं की घेऊ नये, कुणी आपल्याला बघावं की बघू नये. प्रत्येक गाणं या उंबरठ्यावर उभं आहे. पाणी आहे ते त्या उंबरठ्याच्या अलीकडची हवा आहे.

पहिलंच गाणं, ‘स्किनी’. एक गिटार आणि आवाज, बाकी फारसं काही नाही. लोक म्हणतात बारीक झालीस, म्हणजे खूश दिसतेस. यावर ती बोलते. रंगमंचावरून उतरले की मी पिंजऱ्यातला पक्षी, असं म्हणते. ही प्रतिमा पहिल्या ऐकण्यात मला जुनी वाटली. पिंजऱ्यातला पक्षी कुणी वापरला नाही? आपल्या ओव्यांपासून आहे तो. पण तिनं तो पक्षी तिथं सोडून दिलेला नाही, ठेवून दिलाय. चौथ्या गाण्यात, ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’मध्ये, तोच पक्षी जोडीनं येतो. एकाच पिसाऱ्याचे दोन पक्षी, शेवटापर्यंत सोबत राहू म्हणणारे. गाण्याची चाल इतकी हसरी की जगभर पोरं त्यावर नाचली. शब्द ऐका मात्र, त्यात मरणच मरण आहे. डोळ्यांतला उजेड जाईपर्यंत, मातीत जाईपर्यंत, असं तिथलं प्रेम. हसऱ्या चालीत मरणाचे शब्द घालायची ही तऱ्हा आपल्या बायकांना ओळखीची आहे. हळदीच्या गाण्यात सासुरवासाचं रडगाणं किती सहज बसतं.

दुसरं गाणं ‘लंच’. खोडकर, ठेका धरणारं, एका मुलीविषयीच्या ओढीचं. ते तिथं हवं होतं, कारण ‘स्किनी’नंतर श्वास घ्यायला जागा लागते. त्याच्याविषयी मला यापेक्षा जास्त सांगायचं नाही.

मला थांबायचंय ते तिसऱ्या गाण्यापाशी, ‘चिहिरो’पाशी. नाव हायाओ मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ या २००१ च्या जपानी चित्रपटातल्या मुलीचं. ती दहा वर्षांची पोर आईवडिलांमागून एका बोगद्यातून जाते आणि आत्म्यांच्या जगात अडकते. तिथं तिचं नाव काढून घेतलं जातं. तिला मदत करणारा मुलगा मुळात एक नदी असतो, आणि ती नदी बुजवून तिच्यावर घरं बांधलेली असतात, म्हणून त्याला परतायला जागाच नसते. चित्रपटात पाण्यावरून धावणारी एक आगगाडीही आहे, रूळ पाण्याखाली आणि डबे वर. हे सगळं गाण्यात कुठंच सांगितलेलं नाही. फक्त नाव आहे. पण ज्यानं चित्रपट पाहिलाय त्याच्या मनात ते नाव पडताच पाणी, बोगदा, हरवलेली ओळख हे सगळं जागं होतं. गीतकार म्हणून तिची खरी चतुराई मला इथं दिसते: एका नावावर भार टाकून ती पुढे निघून जाते.

गाणं सुरू होतं गोल, दबक्या बासवर. आवाज इतका जवळ की ओठ सुटल्याचंही ऐकू येतं. मग हळूहळू सिंथचे थर चढत जातात, एकावर एक, आणि ती एकच मागणी करत राहते: दार उघड, उघडशील का. मोठ्यानं नाही. भीक मागितल्यासारखं तर अजिबात नाही. जणू दाराला कान लावून आतल्याशी बोलतेय. आणि जेव्हा वाटतं की आता उघडेल, तेव्हा शब्द थांबतात आणि सगळी जागा वाद्यं व्यापून टाकतात. दार उघडलं की नाही ते कळत नाही. या गाण्याचा व्हिडिओ तिनं स्वतःच दिग्दर्शित केलाय आणि त्यातही लांबच लांब बोळ आहे, दोन्ही बाजूंना दारं.

पळसदेवला एकदा उतरले होते, उन्हाळ्यात, पुण्याहून येताना. उजनीचं पाणी फार खाली गेलं की तिथलं पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं. १९८० च्या सुमारास धरण झालं तेव्हा गावं उठली, माणसं वर सरकली, देऊळ पाण्यात राहिलं. कोरड्या वर्षी लोक गाळ तुडवत तिथपर्यंत चालत जातात. मी गेले तेव्हा दगडांवर पाण्याच्या रेषा उमटलेल्या होत्या, एकाखाली एक. कोपऱ्यात शिंपल्यांचा चुरा, पायाखाली भेगाळलेला गाळ. गाभाऱ्याच्या दाराची चौकट शाबूत. मी त्या चौकटीला हात लावला तर दगड कोरडा आणि तापलेला. आम्ही चार अनोळखी माणसं तिथं होतो आणि कुणीच पटकन आत जाईना. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “आमचं लगीन झालं तवा हितंच पाया पडलो होतो.” मग तेच आधी आत गेले. ‘चिहिरो’ ऐकताना मला ती चौकट आठवते. पाण्याखाली गेलेलं दार मोडत नाही, ते तिथंच असतं, हे मी तिथं पाहिलंय.

बिलीचा भाऊ फिनिअस हा या सगळ्याचा दुसरा कर्ता. २०१९ चा तिचा पहिला अल्बम दोघांनी आईवडिलांच्या घरात, त्याच्या झोपायच्या खोलीत केला होता. हा तिसरा. आता साधनं वाढलीत, खरे ड्रम आहेत, अटाका क्वार्टेटची व्हायोलिनं, व्हायोला आणि चेलो आहेत, तरी खोलीचा तो बंदिस्तपणा त्यांनी सोडलेला नाही. वाद्यं येतात ती आवाजाच्या मागून, भिंतीपलीकडून आल्यासारखी. म्हणून पुढं कधी आवाज मोठा झाला की ती भिंतच फुटल्यासारखं वाटतं.

तसं होतं सहाव्या गाण्यात. ‘द ग्रेटेस्ट’.

आमच्या शेजारी अक्का राहतात. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते. त्यांचे सासरे तेलंगणातून हातमागावर आले, नवरा पावरलूमवर होता, आणि अक्का लहानपणापासून विड्या वळतात. दुपारी ओट्यावर सूप मांडीवर घेऊन बसतात. पानाला पत्रा लावायचा, कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन बोटांत वळायचं, तोंड दुमडायचं आणि दोरा दोन वेढे देऊन तोडायचा. हे सगळं होताना त्या हाताकडे बघतही नाहीत. त्या दिवशी वीज गेली होती, घरात बसवत नव्हतं, म्हणून मी फोन खिडकीत ठेवून पायरीवर येऊन बसले आणि अल्बम चालू राहिला. म्हटलं, “अक्का, त्रास होतोय का आवाजाचा?”

“असू दे की. वाजू दे.”

‘द ग्रेटेस्ट’ निम्म्याहून पुढे जाईपर्यंत कुजबुजीतच चालतं. गिटारच्या दोन-चार सुरांवर ती सांगते की तुझ्यासाठी मी किती केलं, कळूही न देता केलं, आणि तुला ते दिसलंच नाही. आवाज जरा चढतो, पुन्हा खाली येतो. मग एकदम ड्रम येतात आणि ती गळा मोकळा सोडते. ज्या मुलीला वर्षानुवर्षं लोक कुजबुजणारी गायिका म्हणून ओळखतात तिचा तो आवाज अंगावर येतो.

अक्कांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. त्यांचे हात थांबले नाहीत, मान तेवढी वर झाली. म्हणाल्या, “आधी ही पोरगी रडं गिळत होती. आता आवरंना तिला.”

मी सांगितलं, ती म्हणतेय की इतकं केलं तरी त्यानं बघितलं नाही.

“मग? सगळ्यांचं हेच की,” अक्का म्हणाल्या, आणि पुढचं पान उचललं.

मी या अल्बमवर पुष्कळ वाचलंय. भाव म्हणजे काय, तो शब्दांत असतो की सुरांत, यावर वाद घालणारंही वाचलंय. अक्कांनी एका वाक्यात जे पकडलं त्यापुढे मला काही सापडलेलं नाही. अल्बमच्या नावातच जोरात आणि हळुवार दोन्ही आहे, आणि ते दोन्ही एका श्वासात कसं असू शकतं याचा पुरावा हे गाणं आहे. गिळलेलं रडं जितका वेळ दाबलं जातं तितकं ते फुटताना मोठं होतं. गाण्याची बांधणी तीच आहे. तिनं ते आधी फोडलं असतं तर पाच मिनिटांचं ओरडणं झालं असतं.

त्याच्या आधीचं ‘वाइल्डफ्लॉवर’ही मला जवळचं. एका मुलापायी रडणाऱ्या मुलीला हिनं धीर दिला, आणि पुढे त्याच मुलाबरोबर स्वतः राहिली. आता त्याच्याबरोबर असतानाही ती दुसरी हिच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. इथं पाणी नाही, दारही नाही असं वाटतं. पण मनात एक तिसरं माणूस कायमचं येऊन राहिलंय आणि त्याला बाहेर काढता येत नाही, हेही दाराचंच दुखणं.

‘द डायनर’ कित्येकांना आवडत नाही. भाचीलाही नाही. सर्कशीसारखा विचित्र ठेका, आणि बोलणारी व्यक्ती म्हणजे पाठलाग करणारा माणूस. कोपऱ्यावर वाट बघतो, स्वयंपाकघरातून घरात शिरतो, खायला काही शोधतो, आणि शेवटी एक फोन नंबर कुजबुजतो. मला वाटतं हे गाणं काढलं तर अल्बम लंगडा होईल. कारण दार उघडं ठेवण्याची किंमत इथं कळते. ‘चिहिरो’त ती दुसऱ्याला दार उघड म्हणते, इथं तिचं दार न विचारता कुणीतरी उघडतं. जिला लहान वयापासून सगळं जग बघतंय अशा मुलीनं त्या बघणाऱ्याच्याच तोंडून गाणं लिहिलं, आणि तेही तिरस्कार न दाखवता, याला मी धाडस म्हणते. त्यापुढचं ‘बिटरस्वीट’ मात्र मध्येच सैल पडतं. एका गाण्यात तीन तुकडे जोडलेत, हॉटेलची खोली, चोरून भेट, परदेश. त्यातला मधला तुकडा मला दरवेळी थोडा लांबलेला वाटतो.

आपलं लिहून आपणच म्हणणं ही गोष्ट सोलापूरला नवी नाही. ज्याच्या नावानं हे गाव ओळखलं जातं तो सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातला. त्यानं कन्नडमध्ये वचनं रचली आणि इथं तळं खोदवलं. कवी आणि तळं खोदणारा एकच माणूस. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा लाखो लोक त्या तळ्याकाठून जातात. कोरड्या मुलखातल्या कवीनं पाणी आधी जमिनीत आणलं हे मला नेहमी महत्त्वाचं वाटत आलंय. पाण्याची प्रतिमा वापरणाऱ्यानं पाण्याचं वजन अंगावर घेतलेलं असावं. टाकीत वजन घेऊन उतरलेल्या त्या मुलीवर माझा विश्वास बसला तो त्यामुळेच.

आणि शेवटी ‘ब्लू’. अल्बमभर ठेवून दिलेल्या सगळ्या गोष्टी इथं एकत्र येतात. पिंजऱ्यातला पक्षी परत येतो. एकाच पिसाऱ्याचे म्हणवणारे दोघे येतात, आता त्याची लाज वाटते म्हणून. ‘लामूर द मा वी’ या सातव्या गाण्यात सांगितलेलं खोटं येतं आणि त्याची फ्रेंचमध्ये माफीही. ‘बिटरस्वीट’मधला परदेश येतो. आणि दार. दार उघड, ही विनवणीही पुन्हा येते, पण ती आता कुणाला केलीय ते सांगता येत नाही. समोरच्याला? की स्वतःला? पहिल्या अर्ध्यात ती स्वतःच्या निळेपणाबद्दल बोलते. मग ताल खाली येतो, आवाज जड होतो, आणि ती ज्याच्यावर रागवायचं त्याच्याकडेच मायेनं बघायला लागते. तू फुलपाखराहून निळा जन्मलास, असं म्हणते. प्राणवायूच न मिळालेला, आईच्या हाताकडे झेपावणारा, बापाच्या बेतांत चिरडलेला, घराबाहेर पाऊल टाकायलाही भिणारा. म्हणजे पाण्याखाली एकटी तीच नव्हती. दाराच्या पलीकडचाही गुदमरतच होता. हे कळायला नऊ गाणी लागली, आणि ती लागायलाच हवी होती. पहिल्या गाण्यात हे सांगितलं असतं तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो.

या जागी मला दरवेळी गलबलून येतं. राग मनात असताना समोरच्याचं लहानपण दिसणं सोपं नाही. माझ्या वयाला जे जमायला इतकी वर्षं लागली ते हिला बाविसाव्या वर्षी गाण्यात आणता आलं.

मग तंतुवाद्यं एकटीच वाजत राहतात. ती थांबल्यावर तिचा बोलका आवाज येतो, साधा, गाण्यातला नाही: पुढचं कधी ऐकायला मिळणार? आणि अल्बम संपतो.

या एका वाक्यावरून भाचीचं आणि माझं जमत नाही. ती म्हणते, “मावशी, स्टुडिओतली गंमत आहे ती, उगाच ठेवलीय, मूड मोडतो.” माझं म्हणणं, मूड मोडायलाच ठेवलीय. पाऊण तास आपल्याला खाली धरून ठेवल्यावर तिथंच सोडून जाणं तिला बरं वाटलं नसावं. ते वाक्य ऐकताना त्यात घुमारा नाही हे लक्ष देऊन ऐका, असं मी तिला सांगते. खोलीत कुणी बसून बोलावं इतका कोरडा आवाज आहे तो. भाची म्हणते, हेडफोन बदल.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला, ऑगस्टमध्ये उजनी भरलं, आकडा वर आला. वाद तसाच राहिला. दिवाळीला ती आली की मोठ्या स्पीकरवर लावून काय ते ठरवायचं, असं आमचं झालंय, आणि पंच म्हणून अक्कांना विचारलंय. त्यांची एकच अट आहे: ती रडं गिळणारी दोनदा लावायची.